कोव्हेंट्रीची ऑफर आलीये? बॅग भरायच्या आधी युनिव्हर्सिटी नीट समजून घ्या

दर वर्षी मे-जून आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज येतो, "दादा, कोव्हेंट्रीची ऑफर आलीये, घेऊ का?" आणि सोबत ऑफर लेटरच्या पहिल्या पानाचा फोटो, तोही अर्धा कापलेला. मी उलटा विचारतो, कुठल्या कॅम्पसची? मग पलीकडे दोन मिनिटं शांतता. कॅम्पस वेगवेगळे असतात हेच कोणी सांगितलेलं नसतं, सगळ्यांना वाटतं युनिव्हर्सिटीचं नाव कोव्हेंट्री म्हणजे आपण इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरातच जाणार. तर म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

स्टेप १: "मॉडर्न युनिव्हर्सिटी" म्हणजे काय ते घरच्यांना समजावा

हे आधी करा, कारण घरात कोणीतरी काका गूगल करतात आणि जाहीर करतात, "अरे ही तर पॉलिटेक्निक होती!" हो, होती. पण आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हणजे दहावीनंतरचा डिप्लोमा, आणि तिकडच्या पॉलिटेक्निकचा त्याच्याशी काही संबंध नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये अँथनी क्रॉसलंड नावाचे शिक्षणमंत्री होते, त्यांनी धोरण आणलं की जुन्या युनिव्हर्सिट्या एका बाजूला राहू देत, आणि उद्योगांना लागणारं शिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्था दुसऱ्या बाजूला उभ्या करूया. त्यातून ३० पॉलिटेक्निक झाल्या. तिथे पदवीपर्यंत आणि त्याच्या पुढेही शिकवायचे, फक्त पदवी संस्था स्वतः देत नव्हती, एक राष्ट्रीय कौन्सिल द्यायचं. साधारण आपल्याकडे कॉलेज शिकवतं आणि पदवी पुणे विद्यापीठाची मिळते, तसलाच प्रकार.

मग १९९२ ला कायदा आला आणि या सगळ्या पॉलिटेक्निकना युनिव्हर्सिटी म्हणवून घ्यायचा आणि स्वतःची पदवी द्यायचा हक्क मिळाला. म्हणून यांना "पोस्ट-९२" किंवा "मॉडर्न" म्हणतात. कोव्हेंट्री त्यातलीच. तिथले जुने लोक अजूनही कधीकधी "एक्स-पॉली" असं नाक मुरडून म्हणतात, पण तो त्यांचा जातिभेद आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

एक गोंधळ इथेच मिटवतो. वॉरिक युनिव्हर्सिटी पण कोव्हेंट्रीतच आहे! वॉरिक गावात नाही, कोव्हेंट्री शहराच्या टोकाला. ती १९६५ ची, वेगळी युनिव्हर्सिटी, वेगळा कॅम्पस, प्रवेशाच्या अटी वेगळ्या. एका मुलाच्या आईबाबांनी सगळ्या नातेवाईकांना वॉरिक म्हणून पेढे वाटले होते, नंतर कोण दुरुस्त करणार.

स्टेप २: शहराचा इतिहास वाचा, कोर्स निवडायला खरंच उपयोगी पडतो

मला माहितीये इतिहास म्हटलं की लोक स्क्रोल करतात, पण इथे थांबा थोडं. या युनिव्हर्सिटीचं मूळ १८४३ चं, कोव्हेंट्री स्कूल ऑफ डिझाईन. तेव्हा मोटारी कुठल्या, सायकलीही नव्हत्या. डिझाईन कशाचं, तर रेशमी रिबिनींचं! हे शहर रिबिनी विणण्यावर आणि घड्याळं बनवण्यावर जगत होतं आणि फ्रेंच रिबिनी दिसायला जास्त सुंदर म्हणून इंग्रजांना टेन्शन, त्यामुळे कारागिरांना नक्षीकाम शिकवायला शाळा काढली. पुढे १८६० ला फ्रान्सशी व्यापार करार झाला, फ्रेंच रेशमावरची ड्युटी उठली आणि इथला रिबिनीचा धंदा बसला, हजारो लोक रिकामे झाले. घड्याळांचंही नंतर तेच, स्विस आणि अमेरिकन माल स्वस्त पडायला लागला.

पण बारीक, अचूक काम करणारे हात तर शहरात होतेच ना. मग शिलाई मशीनची कंपनी निघाली, त्याच कंपनीने १८६९ च्या आसपास सायकली बनवायला घेतल्या, तिथला जेम्स स्टार्ली हा या धंद्यातला मोठा माणूस, आणि त्याचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ ला रोव्हर सेफ्टी सायकल काढली, म्हणजे दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, आज आपण चालवतो तीच सायकल. सायकलीवरून मोटारी. १८९६ ला डेमलर इथे आली, मग रोव्हर, स्टँडर्ड, ट्रायम्फ, नंतर जॅग्वार. रिबीन, घड्याळ, शिलाई मशीन, सायकल, मोटार, एक धंदा बुडाला की तेच हात दुसऱ्या धंद्याला लागले. ही साखळी डोक्यात ठेवली की युनिव्हर्सिटी कशात तगडी आहे हे ब्रोशर न वाचताही निम्मं कळतं.

आता मधला भाग पटकन. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात शहराचा मधला भाग बेचिराख झाला, पाचशेच्या वर माणसं गेली, मध्ययुगीन कॅथेड्रल जळलं. त्याच्या भिंती तशाच उभ्या ठेवून शेजारी बेसिल स्पेन्स या आर्किटेक्टने नवीन कॅथेड्रल बांधलं, १९६२ ला ते सुरू झालं. युनिव्हर्सिटी बरोब्बर समोर. पदवीदान समारंभ त्याच कॅथेड्रलमध्ये होतो, तर फोटोची काळजी नको.

१९७० ला आर्ट कॉलेज, लँचेस्टर कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी आणि शेजारच्या रग्बी गावचं इंजिनिअरिंग कॉलेज असे तीन एकत्र करून लँचेस्टर पॉलिटेक्निक झाली. हा लँचेस्टर म्हणजे फ्रेडरिक लँचेस्टर, इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या पेट्रोल मोटारींपैकी एक याने १८९५-९६ च्या सुमारास बनवली, विमानाचा पंख हवेत कसा उचलला जातो यावर काम केलं, लढाईत दोन सैन्यांच्या ताकदीचं गणित मांडलं, ते लँचेस्टरचे नियम म्हणून आजही शिकवतात. पैसा मात्र त्याला फारसा मिळाला नाही. १९८७ ला नाव कोव्हेंट्री पॉलिटेक्निक आणि १९९२ ला कोव्हेंट्री युनिव्हर्सिटी. माझं प्रामाणिक मत, लँचेस्टर हेच नाव ठेवायला हवं होतं. पण परदेशी मुलांना गावाचं नाव लवकर कळतं, म्हणून बदललं असावं.

स्टेप ३: ऑफर लेटर परत उघडा आणि कॅम्पसचं नाव शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप, बाकीचं विसरलात तरी चालेल. मुख्य कॅम्पस कोव्हेंट्री शहराच्या मध्यात, रिंग रोडच्या आत, कॅथेड्रल आणि हर्बर्ट म्युझियमच्या अंगणातच म्हणा ना. गेट वगैरे काही नाही. आपल्याकडे कॅम्पस म्हटलं की कंपाउंड वॉल आणि वॉचमन डोळ्यापुढे येतो, इथे रस्त्यावरून चालता चालता तुम्ही कॅम्पसमध्ये शिरता आणि बाहेरही पडता, कळत नाही. लेक्चरवरून बाहेर आलं की समोर सुपरमार्केट, दहा-पंधरा मिनिटांत स्टेशन.

त्याशिवाय लंडन कॅम्पस आहे, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ, २०१० पासून, तिथे मुख्यतः बिझनेस, फायनान्स, मॅनेजमेंट असले कोर्स. पूर्व लंडनमध्ये डॅगनम, जिथे जुन्या सिव्हिक सेंटरच्या इमारतीत २०१७ ला वर्ग सुरू झाले. यॉर्कशायरच्या समुद्रकिनारी स्कारबरा, तिथे २०१५ पासून. आणि देशाबाहेर पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ. स्कारबरा आणि कोव्हेंट्री यांत गाडीने साडेतीन-चार तासांचं अंतर आहे, म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीची मुलं असून तुमची भेट होईलच असं नाही.

माझ्या एका मित्राच्या भाचीचं काय झालं बघा. प्रवेश लंडन कॅम्पसला, एजंटने सांगितलं "लंडनपासून तासाभरावर आहे हो", आणि या लोकांनी कोव्हेंट्रीत स्वस्त रूम बघून डिपॉझिट भरून टाकलं. ट्रेनने तासभर लागतो ते खरं आहे! पण रोज कोव्हेंट्री ते लंडन ट्रेनने जायचं म्हणजे तिकिटातच बापाची जमीन जाईल. अर्धं डिपॉझिट बुडालं. एजंटला फोन केला तर तो म्हणे मॅडम मी कुठे म्हटलं होतं तिथे राहा म्हणून.

पैशाच्या कागदपत्रांवरही कॅम्पसचा थेट परिणाम होतो. स्टुडंट व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे जास्तीत जास्त ९ महिन्यांचे पैसे बँकेत सलग २८ दिवस पडून दाखवावे लागतात, आणि लंडनचा दरमहा आकडा लंडनबाहेरच्यापेक्षा साधारण साडेतीनशे पौंडांनी जास्त असतो. डॅगनम सुद्धा लंडनमध्येच धरतात, कारण ते लंडनच्या बरोंमध्ये, म्हणजे लंडनच्याच प्रभागांमध्ये येतं. कोव्हेंट्रीचा आकडा धरून एफडी केली आणि कॅम्पस निघाला डॅगनम, तर ९ महिन्यांचा फरक तीन हजार पौंडांच्या आसपास जातो. नेमकी रक्कम मधूनमधून बदलते, अर्जाच्या दिवशी सरकारी साईटवरच बघा, ब्लॉगवर नाही, माझ्याही नाही.

अजून एक, बाहेरच्या काही शाखांमध्ये शिकवण्याची पद्धत वेगळी होती आणि आहे, एका वेळी एकच विषय, साधारण सहा आठवडे तोच, तो संपवून परीक्षा-असाईनमेंट देऊन मग पुढचा. नोकरी करून शिकणाऱ्याला हे बरं पडतं. पण ज्याला मोठी लायब्ररी, वर्कशॉप, क्लब, मॅचेस असं सगळं पाहिजे त्याने मुख्य कॅम्पसच घ्यावा. आपल्या कोर्सचे वर्ग कुठल्या इमारतीत होणार, एवढा एक ईमेल अ‍ॅडमिशन ऑफिसला टाका, उत्तर येतं.

स्टेप ४: तुमचा विषय इथे खरंच तगडा आहे का ते बघा

गाड्यांचं डिझाईन. यावर वाद नाही. ट्रान्सपोर्ट डिझाईनचा पदवी कोर्स इथे १९७० च्या दशकापासून आहे आणि जगभरच्या कार कंपन्यांच्या स्टुडिओत इथली मुलं सापडतात. जॅग्वारचं डिझाईन वीस वर्षं ज्याच्या हातात होतं तो इयन कॅलम, तोही लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये काही काळ शिकला. २०१७ ला नॅशनल ट्रान्सपोर्ट डिझाईन सेंटर सुरू झालं, तिथे मातीचं मॉडेल करण्यापासून व्हीआरपर्यंत सगळं. पण एक लक्षात घ्या, पोर्टफोलिओ लागतो. मेकॅनिकलला ८ पॉइंटर आहे म्हणून डिझाईनला प्रवेश मिळत नाही, हात चालला पाहिजे, स्केच काढता आलं पाहिजे.

ऑटोमोटिव्ह, मोटरस्पोर्ट, मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग. इथे आपल्या मुलांची गर्दी जास्त आणि ते बरोबरही आहे. पुण्याच्या लोकांना एका वाक्यात सांगायचं तर हा भाग म्हणजे त्यांचा पिंपरी-चिंचवड, आणि आपल्या टेकडीवरच्या एआरएआयसारखी त्यांची मायरा ही टेस्टिंगची जागा जवळच नन्यटन गावाजवळ आहे. जॅग्वार लँड रोव्हरचं हेडऑफिस कोव्हेंट्रीतल्याच व्हिटली भागात, आणि ती कंपनी २००८ पासून आपल्या टाटा मोटर्सची! लंडनच्या काळ्या टॅक्सी बनवणारा कारखाना शहराबाहेर अँस्टीला, बॅटरी बनवण्याचं सरकारी मदतीचं मोठं सेंटर पण इथेच. युनिव्हर्सिटीने २०१४ मध्ये युनिपार्ट कंपनीसोबत एक इन्स्टिट्यूट काढली, ती थेट कंपनीच्या आवारात आहे, मुलं कारखान्यातच शिकतात.

आता कडू भाग. शहरातले मोठे असेंब्ली प्लांट बरेचसे बंद झालेत, जॅग्वारचा ब्राऊन्स लेन गेला, प्यूजोचा रायटनचा गेला. उरलंय ते डिझाईन, सॉफ्टवेअर, टेस्टिंग, बॅटरी, संशोधन. तेव्हा "गाड्यांचं शहर आहे, शॉपफ्लोअरवर कुठेतरी चिकटू" असा हिशोब असेल तर तो चुकेल. कॅड, कंट्रोल, एम्बेडेड यातलं काहीतरी हातात घेऊन जा.

हेल्थ. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, पॅरामेडिक. अ‍ॅलिसन गिंजेल बिल्डिंगमध्ये हॉस्पिटलसारखे खोटे वॉर्ड उभे केलेत सरावासाठी. आपल्याकडून या बाजूला जाणारे अजून कमी आहेत, पण विचार करण्यासारखं आहे, फक्त त्या कोर्सला ब्रिटनच्या संबंधित कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी बघा, नाहीतर डिग्री मिळते आणि प्रॅक्टिस करता येत नाही.

शांतता आणि संघर्ष यांचा अभ्यास. ऐकायला विचित्र वाटतं ना, गाड्यांच्या गावात शांततेचा अभ्यास? पण बॉम्बने जळालेल्या शहराने युद्धानंतर ड्रेस्डेनसारख्या, स्वतः बॉम्ब खाल्लेल्या जर्मन शहराशी मैत्री केली, आणि युनिव्हर्सिटीत यावर एक अख्खं संशोधन केंद्र आहे. पॉलिटिकल सायन्स, सोशल वर्कवाल्यांनी जरूर बघा, याबद्दल एजंट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

आणि आर्ट. १९६० च्या दशकात इथल्या आर्ट कॉलेजच्या शिक्षकांनी आर्ट अँड लँग्वेज नावाचा गट काढला, चित्रापेक्षा विचारच कला असं म्हणणारा, तो जगात गाजला. पुढे पॉलिटेक्निकच्या आर्ट विभागात जेरी डॅमर्स आणि होरेस पँटर भेटले आणि द स्पेशल्स हा बँड झाला, काळे-गोरे एकत्र वाजवणारा. तो डॅमर्स जन्मला कुठे माहितीये, आपल्या उटीला!

बिझनेस आणि कॉम्प्युटरबद्दल मी जास्त लिहीत नाही. ठीक आहेत, मुलं भरपूर घेतात, पण त्यासाठी कोव्हेंट्रीच का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. फी कमी पडतेय, प्लेसमेंट इयर (कोर्समध्येच एक वर्ष कंपनीत काम) मिळतंय, काहीही असू दे, पण असलं पाहिजे.

स्टेप ५: रँकिंग बघा, पण कुठलं ते कळून

क्यूएससारख्या जागतिक रँकिंगमध्ये संशोधन आणि नावलौकिक यांना वजन जास्त, तिथे मॉडर्न युनिव्हर्सिट्या खालीच दिसणार. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांच्या याद्यांमध्ये विद्यार्थी किती खूष, शिकवणं कसं, यालाही मार्क असतात, तिथे कोव्हेंट्री काही वर्षं बऱ्यापैकी वर गेली होती, टाइम्सच्या गाईडने तिला मॉडर्न युनिव्हर्सिटी ऑफ द इयर म्हटलं होतं, २०१७ ला सरकारी टीचिंग मूल्यमापनात गोल्डही मिळालं. मग वर-खाली होत राहिलं. त्यामुळे युनिव्हर्सिटीचा एकूण नंबर सोडा, तुमच्या विषयाचा नंबर बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे लिंक्डइनवर तुमचाच कोर्स दोन वर्षांपूर्वी केलेली पाच मुलं शोधा आणि ती आज काय करतायत ते बघा. पाचातली तीन जर वेअरहाऊसमध्ये असतील तर कळलं काय ते.

स्टेप ६: व्हिसाचं गणित, थोडक्यात

टीबी टेस्ट भारतातच, ठरवून दिलेल्या सेंटरमध्ये. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, व्हिसा फीच्या वर, तो लोक विसरतातच. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम, आणि एमएससीवाल्यांनो, जून-जुलैमध्ये डिसर्टेशन चालू असतं ती सुट्टी नसते, तेव्हाही २० तासच. क्लासरूमच्या मास्टर्सवर नवरा-बायको-मुलांना नेता येत नाही, २०२४ पासून बंद आहे. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर आणि मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच. कर्जाचा हप्ता बसवताना हेच १८ महिने धरा.

मार्कांचं पण आईबाबांना आधीच सांगून ठेवा, तिथे ७० म्हणजे डिस्टिंक्शन. पहिल्या असाईनमेंटला ५८ आले म्हणून रडणारी मुलं मी पाहिलीत, घरी सांगितलं तर बाबा म्हणाले दहावीला ९४ होते तुला, काय झालं? काही झालेलं नसतं, मोजपट्टी वेगळी आहे.

स्टेप ७: उतरल्यावर

जमलं तर हीथ्रोऐवजी बर्मिंगहॅमला उतरा, तिथून कोव्हेंट्री ट्रेनने पाव तासाच्या आत. जड बॅगा घेऊन लंडनची भुयारी रेल्वे बदलत येण्यापेक्षा तिकिटाला थोडे जास्त गेले तरी परवडतं. घर बघताना रिंग रोडचा विचार करा, हा रस्ता शहराच्या मध्याला वेढा घालून आहे, गाडीवाले त्याला शिव्या घालतात. पायी जाणाऱ्याला तो ओलांडायला पूल नाहीतर भुयारं. नकाशावर पाचशे मीटर दिसणारं घर प्रत्यक्षात पंधरा मिनिटं चालवतं. गॉसफर्ड स्ट्रीटच्या बाजूला विद्यार्थी जास्त, आणि तूरडाळ, हिंग, कढीपत्ता फोल्सहिल रोडला मिळतो, तिथे पंजाबी-गुजराती वस्ती जुनी आहे. गोडा मसाला मात्र घरूनच न्या.

इमारतींची नावं पाठ करावी लागतात, कारण टाईमटेबलमध्ये फक्त इनिशियल्स असतात. बरीचशी नावं या शहराशी नातं असलेल्यांची, जॉर्ज इलियट ही लेखिका, एलन टेरी ही नटी, डीलिया डर्बीशायर ही इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी, जी लहानपणी इथल्या बॉम्बहल्ल्याचे भोंगे ऐकत वाढली. फ्रेडरिक लँचेस्टर म्हणजे लायब्ररी, २००० सालची, वर धुराड्यांसारखे मनोरे दिसतात, त्यातून गरम हवा आपोआप वर निघून जाते, एवढी मोठी इमारत जवळपास एसीशिवाय थंड ठेवलीये. मेच्या शेवटी सबमिशनला अख्खं कोव्हेंट्री तिथेच बसलेलं असतं, तेव्हा जागा पाहिजे तर सकाळी ९ च्या आत जा.

आणि इंग्रजीत "कोव्हेंट्रीला पाठवणं" म्हणजे एखाद्याला वाळीत टाकणं. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हा जोक मारणार, तुम्हाला आधीच माहीत असू दे. पहिला रविवार मोकळा असेल तर ट्रान्सपोर्ट म्युझियमला जा, स्टार्लीच्या काळातल्या सायकलींपासून जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करणाऱ्या थ्रस्ट गाडीपर्यंत सगळं आहे, आणि जाकीट न्या, छत्री नको, वाऱ्याने उलटी होते.